वाळवंटातल्या लोंढ्यात एका जागी उभ्या राहणाऱ्या लाटा

वाळूघड्याळ | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण परवा जे पाहिलं ते डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा मदत करा.

आम्ही सहा वर्षं न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला आहोत. गावाच्या पूर्वेला सँडिया डोंगर, पश्चिमेला रिओ ग्रांदे नदी, आणि मधल्या उतारावर कोरडे ओढे. त्यांना इथे अरोयो म्हणतात. जवळजवळ वर्षभर त्यांत नुसती वाळू. लोक कुत्री फिरवायला नेतात. इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात बरं का, हवामान खात्याच्या लेखी १५ जून ते ३० सप्टेंबर. आपल्या मानाने अगदीच चिमूटभर पाऊस, पण जो पडतो तो तासाभरात सगळा ओतून मोकळा होतो.

परवा दुपारी चारच्या सुमारास डोंगरावर काळंकुट्ट झालं होतं. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. मी अरोयोवरच्या पादचारी पुलावर होतो. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा. मग रेतीचा ट्रक रिकामा करताना होते तशी घरघर. आणि वळणावरून फेस, काटक्या, कोणाची तरी चप्पल असं सगळं पुढे ढकलत पाण्याची जीभ आली. माणसाच्या चालीने, फार वेगात नाही. माझी निराशाच झाली. पण दहा मिनिटांत पात्र काठोकाठ, कॉफीच्या रंगाचं, आणि मग ते दिसलं.

प्रवाहाच्या मधोमध ओळीने सात लाटा. गुळगुळीत, गोल, एकीमागे एक. पाणी त्यांच्यातून सुसाट चाललंय आणि लाटा जागच्या हलत नाहीत! नीट पाहिलं तर उलट इंच-इंच प्रवाहाच्या वरच्या बाजूला सरकताहेत. उंच होत गेल्या, मग पहिलीचा माथा उलटा फुटला, बाकीच्या पाठोपाठ कोसळल्या आणि सगळं सपाट. मिनिटभराने पुन्हा सुरुवात. असं तीनदा झालं.

काठावर कुंपणाचे खांब आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून व्हिडिओशी ताडून पाहिलं. दोन माथ्यांमध्ये साधारण अडीच मीटर. वाहत्या काटकीला १० मीटर जायला ५ सेकंद लागले.

प्रश्न तीन. लाट उभी का राहते? वर का सरकते? आणि फुटून पुन्हा का तयार होते?

चहाबिस्कीट | शनिवार, रात्री ११:५८

काय सुंदर लिहिलंय! वाचनमात्र कसले राहता. वाचनखूण साठवली. पुढील लेखनास शुभेच्छा.

निवांतपणा | रविवार, सकाळी ७:१०

स्टँडिंग वेव्ह म्हणजे तंबोऱ्याच्या तारेवरची ना? बारावीला होतं. दोन टोकं बांधलेली, लाट जाते, आपटून परत येते, दोघींची बेरीज होऊन निस्पंद आणि प्रस्पंद बिंदू. ओढ्याला कुठली आलीत टोकं?

सांडवा | रविवार, सकाळी ८:२५

निवांतपणा, शंका रास्त आहे. नाव एकच, गोष्टी दोन. तारेवर येणारी आणि जाणारी अशा दोन लाटा असतात. ओढ्यात लाट एकच, पण ती ज्या पाण्यावर आहे तेच पळतंय. पाण्यावर बसून पाहिलं तर ती साधी चालती लाट, प्रवाहाविरुद्ध निघालेली. काठावरून पाहणाऱ्याला मात्र उभी दिसते, कारण तिचा वर जायचा वेग आणि पाण्याचा खाली यायचा वेग सारखा.

दादरला उतरत्या सरकत्या जिन्यावर उलटं वर चढणारी पोरं पाहिली असतील. जिना आणि पोर यांचा वेग जुळला की पोर जागच्या जागी पाय मारत असतं. आता कल्पना करा, जिन्यावर वीस पोरं आहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा. जोरात पळणारी वर निघून जातील, दमलेली खाली येतील. थोड्या वेळाने जिन्यावर तेवढीच उरतील ज्यांचा वेग जिन्याशी जुळतो.

पाण्यात हेच होतं. लांब लाट वेगाने जाते, आखूड लाट हळू. प्रवाह आपल्या वेगाला जुळणारी लांबी तेवढी ठेवून घेतो, बाकीच्या धुऊन टाकतो. म्हणून त्या सात लाटा अशा मापून काढल्यासारख्या समान अंतरावर दिसतात.

हिशेब सोपा आहे. लाटेची लांबी मीटरमध्ये = ०.६४ × वेगाचा वर्ग. उलट करायचं तर वेग = १.२५ × लांबीचं वर्गमूळ. तुमची लांबी २.५ मीटर. वर्गमूळ १.५८, गुणिले १.२५ म्हणजे १.९८ मीटर प्रतिसेकंद. तुमची काटकी सांगते २. अहो, यापेक्षा जास्त जुळवून दाखवा!

मी ३१ वर्षं पाटबंधाऱ्यात काढली. वेगमापक यंत्र न लावता वेग सांगणारी लाट म्हणजे आमच्या दृष्टीने फुकटची शिपाईगिरी.

वाळूघड्याळ | रविवार, सकाळी ९:०२ (भारतीय वेळ, इथे अजून शनिवारच आहे)

सांडवा काका, दंडवत! जिन्याचं उदाहरण बायकोलाही वाचून दाखवलं. म्हणजे नुसत्या फोटोवरूनसुद्धा वेग काढता येईल? फोटोत मोजायला काहीतरी ओळखीचं असलं म्हणजे झालं.

सांडवा | रविवार, सकाळी ९:३०

येईल. खोलीचाही अंदाज येतो. अशा लाटा उठतात तेव्हा प्रवाह बहुतेक क्रांतिक स्थितीच्या आसपास असतो, म्हणजे फ्रूड नंबर १ च्या जवळ. फ्रूड नंबर म्हणजे पाण्याचा वेग भागिले त्या खोलीत लाट जास्तीत जास्त ज्या वेगाने पळू शकते तो वेग. तो नेमका १ असेल तर लाटेची लांबी खोलीच्या सव्वासहापट येते. तुमचे अडीच मीटर भागिले ६.२८, म्हणजे ४० सेंटीमीटर. गुडघाभर पाणी.

घरचा प्रयोग: पावसाळ्यात ओढ्यात खडा टाका. वर्तुळाची वरची कड प्रवाहाविरुद्ध वर सरकली तर फ्रूड नंबर १ पेक्षा कमी. सगळं वर्तुळ खाली वाहून गेलं तर जास्त. फक्त खडा मोठा घ्या. चिमुकल्या खड्याच्या सुरकुत्या पृष्ठताणाच्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

गणितगोंधळ | रविवार, सकाळी ११:१५

काका, एक अडचण आहे. फ्रूड नंबर १ च्या वर गेला तर व्याख्येनुसारच पाणी सर्वांत वेगवान लाटेपेक्षा वेगवान. मग कुठलंच पोर जिन्यावर टिकायला नको! पण वाळवंटातल्या पुरांमध्ये फ्रूड नंबर १.२-१.३ असतानाही अशा लाटा उभ्या असतात असं वाचलंय. हे कसं?

दुसरं, तुम्ही दिलेलं सूत्र खोल पाण्याचं आहे. अडीच मीटरची लाट ४० सेंटीमीटर पाण्यात, हे खोल पाणी म्हणायचं? माझ्या हिशेबाने तिथे लाटेचा वेग १.७ च्या आसपासच यायला हवा.

सांडवा | रविवार, दुपारी १२:४०

पकडलंत. जेवून उत्तर देतो. (रविवार आहे, आणि घरात मटण.)

गाळसाक्षर | रविवार, दुपारी १:०५

काकांचं जेवण होईपर्यंत मी घुसतो. माझं कामच गाळाचं आहे.

गणितगोंधळ यांचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे: तळात. आतापर्यंत सगळे पाण्याकडे बघताय, खाली वाळू आहे हे विसरून. वाळवंटी ओढ्याचा तळ स्थिर नसतो. पाण्यावर जशी लाट उठते तशीच, तिच्या बरोबर खाली, वाळूचीही लाट उठते. माथ्याखाली माथा, खळग्याखाली खळगा. जी. के. गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने बर्कलीला लांबलचक लाकडी पाटांत वाळू-पाणी सोडून प्रयोग केले, आणि १९१४ साली छापलेल्या अहवालात या उंचवट्यांना ‘अँटिड्यून’ म्हटलं. वाळवंटातली टेकडी वाऱ्याच्या दिशेने पुढे जाते, ही उलटी जाते, म्हणून.

आता फ्रूड नंबर १ च्या वर असताना काय होतं पाहा. संथ नदीच्या तळाशी उंचवटा असेल तर त्यावर पाण्याचा पृष्ठभाग किंचित खाली दबतो. वेगवान प्रवाहात उलट: उंचवट्यावर पाणी फुगतं, जाड होतं आणि मंदावतं. म्हणजे तिथली लाट मोकळी नाहीच, तळाने धरून ठेवलेली आहे. जिन्यावरच्या पोराने कठडा पकडलाय असं समजा. मग जिना त्याच्यापेक्षा वेगात असला तरी ते जागेवर राहील.

सूत्राचं म्हणाल तर, जॉन केनेडी या अभियंत्याने (राष्ट्राध्यक्ष नव्हे) १९६३ मध्ये पाणी आणि सरकता तळ दोन्ही एकत्र धरून गणित मांडलं. त्यातून वाळूचे उंचवटे ज्या लांबीला सर्वांत जोमाने वाढतात ती लांबी जवळजवळ तीच निघते जी खोल पाण्याच्या सूत्राने येते. म्हणून काकांचं उत्तर बरोबर आलं, कारण मात्र वेगळं. गणितगोंधळ यांचे १.७ हे सपाट, न हलणाऱ्या तळावरच्या मोकळ्या लाटेचे आहेत.

अशा लाटा फ्रूड नंबर ०.८४ च्या आसपासपासूनच दिसू लागतात.

गणितगोंधळ | रविवार, दुपारी १:३०

कठडा! आता कळलं. आणि वर का सरकतात तेही बहुधा यातूनच येतं?

गाळसाक्षर | रविवार, दुपारी १:५२

हो. वाळूच्या एका कणाबरोबर चला. खळग्यात पाणी सर्वांत वेगवान, म्हणून तिथे वाळू भरपूर उचलली जाते. तिथून उंचवट्याच्या चढावर लागलात की पाणी मंदावतं, ओझं पेलवत नाही, वाळू टाकली जाते. म्हणजे चढावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, भर पडते. माथा ओलांडून उतारावर आलात की पाणी परत वेग घेतं आणि उतार खरवडतं. पुढून भर, मागून झीज. वाळू खालीच जातेय, पण वाळूचा आकार वर सरकतोय.

वाळूघड्याळ यांनी ‘इंच-इंच वर सरकत होत्या’ असं लिहिलंय ते मला फार आवडलं. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही.

व्हाळकाठ | रविवार, दुपारी ३:२०

हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. मी मालवणचा. आमच्या गावात पावसाळ्यानंतर व्हाळ (म्हणजे ओढा) पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूवरून, समुद्राला मिळतो. ओहोटीला पुळणीचा उतार मिळाला की तो पातळ पसरून जोरात धावतो आणि त्यावर हुबेहूब अशा लाटा येतात, वीतभर लांबीच्या. लहानपणी तासन् तास बघत बसायचो. लाटा वाढायच्या, फुटायच्या, सपाट, परत सुरू. आजी म्हणायची, “बघ, व्हाळ उलटो व्हावता.” आम्हाला वाटायचं समुद्राची ओढ असेल.

म्हणजे मी चाळीस वर्षं अँटिड्यून बघतोय आणि मला नाव आज कळलं!

गाळसाक्षर | रविवार, दुपारी ३:४१

अगदी तेच. पुळणीवरचा व्हाळ ही जगातली सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा. गणित तेच, फक्त माप लहान. एकदा टेप घेऊन जा आणि आकडे इथे टाका.

चहाबिस्कीट | रविवार, दुपारी ४:०५

माझ्या घरी रोज सकाळी उभी लाट असते. सिंकमध्ये नळ सोडला की मधे गुळगुळीत गोल चकती आणि भोवती उंच कडा. हीच ना ती हायड्रॉलिक जंप?

सांडवा | रविवार, दुपारी ५:१०

(मटण उत्तम होतं.) गाळसाक्षर यांनी माझी बाजू सावरली, आभार.

चहाबिस्कीट, हायड्रॉलिक जंप म्हणजे वेगवान उथळ पाणी एकदम संथ आणि खोल होतं ती जागा. धरणाच्या सांडव्याखाली आम्ही ती मुद्दाम घडवून आणतो, पाण्याची मस्ती तिथेच जिरावी म्हणून. ती ठोकळे बसवलेल्या ठिकाणी होते की पुढे पळून तळ उखडते, हे आधी छोट्या प्रतिकृतीवर तपासतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, १९१६ पासूनची संस्था, असे अख्खे धरणाचे नमुने पाहायला मिळतात. प्रवेश करताना फ्रूड नंबर १ ते १.७ असेल तर जंप एकदम आपटत नाही, लाटालाटांची माळ होऊन उतरते. वाळूघड्याळ यांच्या सात लाटांना लांबून पाहून कोणी ‘माळेची जंप’ म्हणेल. पण ती माळ एकाच पायरीनंतर असते आणि पुढे विरत जाते. तुमच्या लाटा सारख्या उंचीच्या होत्या का?

वाळूघड्याळ | रविवार, सायंकाळी ६:३०

जवळजवळ सारख्या. शेवटच्या दोन किंचित बसक्या. आणि आधी-नंतरची पाण्याची पातळी एकच होती.

गणितगोंधळ | रविवार, सायंकाळी ६:४८

सिंकचं उदाहरण जरा जपून. २०१८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रयोगाने मांडलं की सिंकमधल्या त्या पातळ थरात कडा ठरवतं ते गुरुत्वाकर्षण नाही, पृष्ठताण. पाणी खाली, वर, आडव्या पृष्ठभागावर सोडलं तरी कडा तितक्याच अंतरावर. त्यावर नंतर वादही झालेत. सांडव्याखालची जंप मात्र निर्विवाद गुरुत्वाकर्षणाची.

चहाबिस्कीट | रविवार, सायंकाळी ६:५५

भांडी घासतानाही आता शांती नाही.

निवांतपणा | रविवार, रात्री ८:१५

ओढ्याचं कळलं. पण मग इतक्या जोरदार लाटा वाळवंटातच का ऐकू येतात? आमच्या पुण्याजवळच्या नद्यांना पूर येतोच की. मुठेला कधी अशी माळ दिसली नाही.

गाळसाक्षर | रविवार, रात्री ९:००

मुठेच्या तळात मोठाले दगड, कातळ. बारमाही नदीत वरची बारीक वाळू हळूहळू वाहून जाते आणि जाड गोट्यांचं चिलखत उरतं; खालची वाळू त्याच्याखाली सुरक्षित. वाळवंटी ओढ्याला हे चिलखत घालायला सवडच मिळत नाही. वर्षातून दोन-चारदा पाणी, तेही काही तास, आणि उघड्या डोंगरावरून आलेला नवा गाळ. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात नाहल यातिर नावाचा ओढा आहे. तिथे लारोन आणि रीड या संशोधकांनी पुराच्या वेळी तळावरून सरकणारा गाळ प्रत्यक्ष मोजला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष: असा ओढा बारमाही नदीच्या तुलनेत तळगाळ सरासरी ४०० पट कार्यक्षमतेने वाहून नेतो.

त्यामुळे तिथल्या पाण्याला तळ घडवायला साबुदाण्यासारखी सुटी वाळू हवी तितकी मिळते. शिवाय उतार चांगला, पात्र रुंद, उथळ. फ्रूड नंबर १ गाठायला एवढं पुरतं.

आणि मोठ्या नदीतही होतं. युटातली सॅन ह्वान नदी यासाठी राफ्टिंगवाल्यांत प्रसिद्ध आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या पियर्स यांनी तिथल्या वाळूलाटांची नोंद केली: १५ ते २० फूट लांब, ३ फूट उंच, एका वेळी सहा ते दहा, दोन-तीन मिनिटं थांबून गायब. काकांच्या सूत्रात टाकून पाहा, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेग येतो.

वाळूघड्याळ | रविवार, रात्री ९:४०

सॅन ह्वानला आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो! गाइडने वल्ही वर घ्यायला सांगितली आणि सपाट पाण्यात एकाएकी बोट वर-खाली होऊ लागली. खडक नाही, धबधबा नाही. मला वाटलं खाली काही प्राणी आहे.

आणखी एक जागा सांगतो. कोलोराडोत ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क, आमच्याकडून चारेक तास. सव्वादोनशे मीटर उंच वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी मेदानो क्रीक. ते बर्फाचं पाणी, पूर नव्हे. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला भरात असतं. घोट्याएवढ्या पाण्यात लेकीला बसवलं तर दर वीसेक सेकंदांनी एक छोटी लाट खाली यायची आणि ती खिदळायची. पार्कच्या फलकावर लिहिलं होतं की तळाशी वाळूचे बांध तयार होतात, मागे पाणी साठतं, बांध फुटला की लोंढा. तेव्हा वाचून सोडून दिलं. आता कळतंय की बांध म्हणजे हेच अँटिड्यून.

मस्कतकर | रविवार, रात्री १०:२०

इतका वेळ वाचतोय, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओमानमध्ये १४ वर्षं झाली. इथे अरोयोला वादी म्हणतात. वादी वाहत असताना गाडी घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे, तरी दरवर्षी लोक घालतात, आणि त्यांत आपलेही असतात. ‘पाणी गुडघाभर तर आहे’ हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं आहे. मित्राने किल्ली काढून घेतली म्हणून आज लिहितोय.

नंतर हिशेब केला. माझी गाडी दीड टनाची. चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद. तळपत्रा ३० सेंटीमीटर पाण्यात बुडाला की बाजूला सरणारं पाणी दोन घनमीटर, म्हणजे वर उचलणारं बळ दोन टनांचं. आत पाणी शिरेपर्यंत गाडी होडीच. मग तिला ढकलायला फार वेग लागत नाही.

सांडवा | रविवार, रात्री १०:४४

+१. पायी माणसाचंही सांगतो. वाळूघड्याळ यांचा वेग २ मीटर प्रतिसेकंद. गुडघाभर पाण्यात दोन पायांवर साधारण २० किलोचा रेटा, गढूळ असेल तर त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. आणि या धाग्यावरून हेही कळलं असेल की जिथे अशा लाटा दिसतात तिथे पायाखालचा तळसुद्धा वर-खाली होतोय. खळग्यात पाय पडला तर तिथे पाण्याचा वेग आणि रेटा आणखी जास्त.

अल्बुकर्कीत मुलांना शाळेत शिकवतात ना, की नाल्यात उतरू नका?

वाळूघड्याळ | रविवार, रात्री ११:१०

हो, ‘डिचेस आर डेडली, स्टे अवे’. लेकीला पहिलीत पाठ होतं. आभाळ निरभ्र असताना पाणी येतं हीच मेख. ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक पुरात मरण पावले, पाऊस काही मैल वरच्या बाजूला झाला होता.

गावातले बरेच अरोयो काँक्रीटचे केलेत. तिथे या उभ्या लाटा नाही दिसत. त्याऐवजी पाण्याचे पट्टे एकापाठोपाठ एक खाली पळत येतात, प्रत्येकाच्या पुढे फेसाची कड. ते काय?

गणितगोंधळ | रविवार, रात्री ११:३२

त्या रोल वेव्ह. त्या तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात: जोराच्या पावसात उताराच्या डांबरी रस्त्यावर पाण्याचे पट्टे गटारांकडे धावतात ना, तेच. फ्रूड नंबर दीड-दोनच्या वर गेला की पातळ, सपाट प्रवाह अस्थिर होतो. जाड झालेला भाग वेगात पळून पुढच्याला गिळतो. या लाटा उभ्या राहत नाहीत, पाण्यापेक्षाही वेगात खाली पळतात.

काँक्रीटला वाळू नाही, म्हणून कठडाही नाही.

गाळसाक्षर | सोमवार, सकाळी ८:०५

गणितगोंधळ यांच्या शेवटच्या वाक्यावरून वाळूघड्याळ यांचा तिसरा प्रश्न आठवला, तो राहूनच गेला होता: फुटून पुन्हा का तयार होतात?

लाटेची उंची लांबीच्या एक सप्तमांशाच्या आसपास गेली की माथा टिकत नाही. अडीच मीटरच्या लाटेला ती हद्द ३५ सेंटीमीटर. फुटताना प्रचंड खळबळ माजते, तळातला उंचवटा घुसळून निघतो, वाळू पाण्यात मिसळते, तळ सपाट. पाणी परत मोकळं होऊन वेग घेतं आणि सपाट तळावर पुन्हा उंचवटे उगवतात.

आता यातली गंमत. गॉर्डन ग्रँट या ओरेगनच्या अभ्यासकाने १९९७ मध्ये एक कल्पना मांडली. वाळूच्या तळाची, तीव्र उताराची नदी फ्रूड नंबर १ च्या फार वर जास्त वेळ राहूच शकत नाही. ती वेग घ्यायला गेली की तळ लाटा उभ्या करतो, लाटा फुटतात, फुटण्यात ऊर्जा खर्च होते आणि फ्रूड नंबर परत १ च्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या सात लाटा हा पुराचा ब्रेक आहे. दर मिनिटाला लागणारा आणि सुटणारा.

मला स्वतःला ही कल्पना फार पटते. सगळ्यांना पटते असं नाही. पण काँक्रीटच्या नाल्यात तेच पाणी कुठल्या कुठे पळतं हे पाहिलं की माझा कल तिकडेच जातो.

सांडवा | सोमवार, सकाळी ९:१५

म्हणजे आम्ही सांडव्याखाली लाखो रुपये ओतून जे करतो ते ओढा फुकटात, वाळूवर, दर मिनिटाला करतो. तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर निविदाच काढली नसती. (हलके घ्या.)

वाळूघड्याळ | सोमवार, रात्री ९:५०

आज सकाळी लेकीला घेऊन परत अरोयोत गेलो. आकाश स्वच्छ, डोंगरावरही, तीनदा बघून उतरलो. त्या सात लाटांच्या जागी काही म्हणता काही नाही. पूर ओसरताना सगळं सपाट करून गेला. वर दुधावरच्या सायीसारखा मातीचा पातळ पापुद्रा, उन्हात तडकून कडा वर वळलेला.

मग बागेतलं खुरपं घेऊन हातभर चर खणला, प्रवाहाच्या दिशेत. कड खुरप्याच्या पात्याने गुळगुळीत केली. वाळूचे केसासारखे थर, एक काळा एक पिवळा, आणि एका जागी ते सपाट नव्हते. अगदी मंद, पसरट बशीसारखे, आणि वरच्या बाजूला किंचित कललेले. फूटभर टिकून पुढे कापले गेलेले.

गाळसाक्षर, हे तेच का?

गाळसाक्षर | सोमवार, रात्री १०:१२

फोटो टाका आधी! कलणं खरंच वरच्या बाजूला असेल तर बहुधा तेच. हे क्वचित टिकतं, कारण पुढची लाट मागचीचं सगळं खरवडून नेते. चर बुजवू नका, उद्या उजेडात मोजपट्टी ठेवून परत काढा.

व्हाळकाठ | मंगळवार, सकाळी ११:२५

गाळसाक्षर यांनी सांगितलं म्हणून आज ओहोटीला शिंप्याची टेप आणि पुतण्याचा मोबाइल घेऊन व्हाळावर गेलो. माथ्यापासून माथा ४० सेंटीमीटर. सुरूचं वाळकं फळ सोडलं, २ मीटर जायला अडीच सेकंद. म्हणजे वेग ०.८. काकांच्या सूत्राने ०.७९ येतो. खोली पट्टीने ६ सेंटीमीटर, हिशेबाने ६.४.

तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एवढंच. चौथ्यांदा फळ सोडलं तेव्हा भरतीचं पाणी आत आलं आणि फळ उलटं आमच्याकडे यायला लागलं.